अतिस्पष्ट दर्शन आणि पोलादपूर तालुका

हलत्या चित्राचे वजन बिटांत मोजले जाते. बिट म्हणजे ‘होय’ किंवा ‘नाही’ यांपैकी एक उत्तर देऊ शकणारे माहितीचे सर्वांत लहान माप. लग्नाच्या बोलणीत मुलाकडची मंडळी जे उत्तर पंधरा-पंधरा दिवस लांबवतात, ते पाठवायला एक बिट पुरतो. ‘४के’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अतिस्पष्ट चित्राच्या एका चौकटीत आडवे ३,८४० आणि उभे २,१६० असे एकूण ८२,९४,४०० चित्रबिंदू असतात, प्रत्येक बिंदूचा रंग लिहून ठेवायला सर्वसाधारणपणे २४ बिट लागतात आणि हालचाल अखंड भासावी म्हणून अशा ३० चौकटी दर सेकंदाला डोळ्यांपुढून न्याव्या लागतात. हा गुणाकार जो कोणी चिकाटीने शेवटास नेईल, त्याच्या हाती सेकंदाला सुमारे सहा अब्ज बिट, म्हणजेच सहा गिगाबिट, असा आकडा पडतो. काहीही न गाळता, न दाबता, असे चित्र एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी घडत असतानाच पोहोचवणे हा संगणकजाळ्यांच्या अभ्यासकांचा गेल्या दोन-तीन दशकांचा आवडता उद्योग आहे. त्या उद्योगाची परीक्षा आजवर प्रामुख्याने विद्यापीठांच्या वातानुकूलित सभागृहांत झालेली असल्यामुळे, ती एकदा उमरठला घेऊन पाहण्यास हरकत नसावी.

उमरठ हे गाव रायगड जिल्ह्याच्या पोलादपूर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. तानाजी मालुसरे आणि शेलारमामा यांच्या समाध्या तेथे असल्यामुळे गावाचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले आहे. मात्र गावाचे नाव बाहेर पोहोचणे आणि बाहेरचे काही गावात पोहोचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मोबाइलच्या लहरी बऱ्याच अंशी सरळ रेषेत जातात आणि डोंगर त्यांच्यासाठी बाजूला होत नाहीत, या दोन भौतिक सत्यांच्या संयोगातून पोलादपूरच्या खोऱ्यांत ‘रेंज’ नावाचे जे काही निर्माण होते, ते वाडीनिहाय, अंगणनिहाय आणि क्वचित पायरीनिहाय बदलते. अशा मुलखातील घराला आपल्या परिसरातील ती एक जागा नेमकी ठाऊक असते, जिथे उभे राहिले की बोलणे होते आणि अर्धे पाऊल मागे घेतले की तुटते; या सूक्ष्म नकाशाशास्त्राची दखल भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांनी अद्याप घेतलेली नाही. येथून सेकंदाला सहा अब्ज बिट नेऊ पाहणाऱ्या अभियंत्याने प्रथम घरातील आजीचा सल्ला घ्यावा, कारण खांब कोठे रोवल्यास काम होईल हे तिला उपकरणाविना माहीत असते.

सरकारने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले, असे म्हणता येणार नाही. उलट सरकारने त्याकडे दोनदा लक्ष दिले. मार्च २०१० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ५,९९० कोटी रुपयांच्या ‘नॅशनल नॉलेज नेटवर्क’ला, म्हणजे विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांना एकमेकींशी गिगाबिटांच्या वेगाने जोडणाऱ्या राष्ट्रीय जाळ्याला, मंजुरी दिली, आणि ऑक्टोबर २०११ मध्ये देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याच्या योजनेला, जिला पुढे ‘भारतनेट’ हे नाव मिळाले आणि जिची मुदत नंतर अनेकदा पुढे गेली. काचतंतू म्हणजे केसासारखी बारीक काच, जिच्यातून विजेऐवजी प्रकाशाचे स्पंद पाठवले जातात. ज्यांच्याकडे आधीच पुष्कळ माहिती होती त्यांच्या वाट्याला गिगाबिट आले आणि ज्यांना ती हवी होती त्यांच्या वाट्याला मेगाबिट, ही वाटणी कोणी जाणूनबुजून केली नसावी. ती आपोआप झाली, हेच तिचे वैशिष्ट्य. मूळ योजनेत ग्रामपंचायतीसाठी ठरलेला वेग सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे सहा गिगाबिटांचा साठावा भाग. न दाबलेले एकच ४के चित्र नेण्यासाठी साठ ग्रामपंचायतींच्या जोडण्या एकत्र बांधाव्या लागतील, आणि साठ ग्रामपंचायतींना कोणत्याही एका गोष्टीसाठी एकत्र बांधणे हे काम दूरसंचारशास्त्राच्या कक्षेबाहेरचे आहे.

अतिस्पष्ट चित्र दूरवर पोहोचवण्याच्या या विद्येचा इतिहास पाहू गेल्यास तो चमत्कारिक रीतीने अमेरिकेतील सान डिएगो या एकाच जिल्ह्याभोवती घोटाळताना दिसतो. सप्टेंबर २००५ मध्ये तेथे ‘आयग्रिड’ नावाचा मेळावा भरला होता, ज्यात जगभरच्या संशोधनजाळ्यांनी आपापले पराक्रम दाखवायचे होते. त्यात टोकियोच्या केओ विद्यापीठातून पॅसिफिक महासागर ओलांडून ४के चित्र थेट आणून दाखवण्यात आले. उपस्थित तज्ज्ञांना भवितव्याचे दर्शन झाले, यात शंका नाही. परंतु त्याच वर्षी, त्याच शहरात, मेळाव्याच्या पाच महिने आधी आणखी एक घटना घडून गेली होती, जिची वार्ता तज्ज्ञांपैकी फारच थोड्यांना असेल: सान डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभ्या असलेल्या एका तरुणाची १९ सेकंदांची धूसर चित्रफीत २३ एप्रिल २००५ रोजी यूट्यूबवर चढवली गेली, आणि ती त्या संकेतस्थळावरील पहिली चित्रफीत ठरली. ४के चित्रातील बिंदूंचे एक टक्का बिंदूही त्या चित्रात नव्हते, हत्तींविषयी त्यात सांगितलेले ज्ञान त्यांच्या सोंडा लांब असतात यापलीकडे फारसे जात नव्हते, आणि पुढील वीस वर्षांत मानवजात कोणाच्या मागे गेली हे सर्वांना विदित आहे. जगाने स्पष्टतेची वाट पाहिली नाही. दिसेल तसे पाहायला सुरुवात केली.

दिसेल तसे पाहता यावे यासाठी जे शास्त्र उभे राहिले त्याला संकोचन म्हणतात. त्याचे तत्त्व असे की, पाहणाऱ्याच्या लक्षात येणार नाही ते सर्व पाठवण्यापूर्वीच काढून टाकावे. डोळ्याला उजेडातील फरक जितका बारीक कळतो तितका रंगातील कळत नाही, म्हणून चार बिंदूंना मिळून एकदाच रंग द्यावा. मागच्या चौकटीत जी भिंत होती तीच पुढच्या चौकटीत असेल, तर भिंत पुन्हा न पाठवता ‘भिंत होती तिथेच आहे’ एवढेच कळवावे. आणि जे हलले आहे ते कोठून कोठे सरकले, याचा केवळ बाण पाठवावा. या काटकसरीमुळे घरोघरी पोहोचणारे ४के चित्र सेकंदाला सुमारे २० मेगाबिटांत मावते, म्हणजे मूळच्या दर ३०० बिटांपैकी २९९ प्रवासाला निघतच नाहीत. बातम्या वाचणारा निवेदक, ज्याच्या ओठांखेरीज काही हलत नाही, तो या पद्धतीला फार प्रिय असतो.

पोलादपूरचा पावसाळा मात्र तिला मुळीच मानवत नाही. धबधब्याच्या कोसळत्या पाण्यात, वाऱ्याने घुसळल्या जाणाऱ्या झाडीत आणि आडव्यातिडव्या सरींत मागच्या चौकटीतील एकही गोष्ट पुढच्या चौकटीत जागेवर सापडत नाही, त्यामुळे ‘होते तसेच आहे’ असे कळवण्याची सोय उरत नाही आणि यंत्रणेला प्रत्येक थेंबाचा हिशेब नव्याने द्यावा लागतो. मुंबईत नोकरी करणारा चाकरमानी जुलैमध्ये गावी व्हिडिओ कॉल लावून पाऊस दाखवायला सांगतो, गावाकडचा माणूस भिजत मोबाइल उंच धरतो आणि पलीकडे हिरव्या-करड्या चौकोनांचे एक गोधडीवजा दृश्य उमटते, तेव्हा त्यात दोष ना मोबाइलचा असतो ना माणसाचा; पाऊसच गणिती दृष्ट्या बेशिस्त असतो. अंधाराची गत याच्या उलट आहे. गडद भागातील बारीकसारीक भेद डोळ्याला नीट कळत नाहीत, असे धरून चालणारी यंत्रणा तिथे बिट खर्च करण्यास नाखूश असते. म्हणूनच १० जानेवारी २०२० रोजी प्रदर्शित झालेला ‘तान्हाजी’ हा चित्रपट अडखळत्या नेटवर मोबाइलमध्ये पाहणाऱ्याला कोंढाण्यावरील रात्रीची लढाई ही मावळे आणि राजपूत यांच्यात चालली आहे की मोठे काळे चौकोन आणि लहान काळे चौकोन यांच्यात, हे ठरवणे अवघड जाते. ज्या गावात नायकाची समाधी आहे तेथील रसिकांना कथानक आधीच पाठ असल्यामुळे त्यांचे यात नुकसान होत नाही, ही गोष्ट संकोचनाच्या सिद्धान्ताला पूरकच म्हटली पाहिजे: जे प्रेक्षकाला आधीच ठाऊक आहे ते पाठवू नये.

वैज्ञानिकाला हा सौदा मान्य नसतो, आणि त्याचे कारण रास्त आहे. संकोचन करणारा आज्ञावलीसंच ज्याला निरुपयोगी कुरकुर समजून पुसून टाकतो, तीच पुष्कळदा वैज्ञानिकाची शोधवस्तू असते. पाण्यातील गढूळ कण, तपमानातील फरकामुळे थरथरणारा प्रवाह, एखाद्या बिंदूची क्षणिक चमक. म्हणून तो न दाबलेले चित्र मागतो आणि ते मिळवण्यासाठी कोणत्याही थराला जातो. थर हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यापासून सुमारे पावणेपाचशे किलोमीटर दूर, समुद्राखाली दीड हजार मीटर खोलीवर, अ‍ॅक्सियल नावाच्या जिवंत ज्वालामुखीवर एक कॅमेरा बसवलेला आहे. त्याच्यासमोर ‘मशरूम’ असे नाव दिलेले, तळातून उष्ण पाणी सोडणारे एक खनिज धुराडे उभे आहे. दर तीन तासांनी तेथील दिवे लागतात, सुमारे १४ मिनिटे ते धुराडे आणि त्यावर वसलेली प्राणिसृष्टी टिपली जाते, आणि ते चित्र जराही न दाबता, सेकंदाला दीड गिगाबिट या वेगाने, काचतंतूवरून किनाऱ्यावर येते. म्हणजे ज्या गावाला माणसे नाहीत, रस्ता नाही आणि सूर्यप्रकाशही नाही, त्या गावाला पंधरा ग्रामपंचायतींची जोडणी आहे. तेथील रहिवासी कृमी आणि शंखधारी जीव असून त्यांपैकी कोणी रेंजबद्दल तक्रार केल्याची नोंद नाही.

अर्थात सारे विज्ञान इतके गंभीर नसते. ११ डिसेंबर २०२३ रोजी नासाच्या ‘सायकी’ या अवकाशयानावरून, पृथ्वीपासून सुमारे ३ कोटी १० लाख किलोमीटर अंतरावरून, लेझर किरणाच्या साहाय्याने एक अतिस्पष्ट चित्रफीत पाठवण्यात आली. तिचा विषय टेटर्स नावाचे एक नारिंगी मांजर होते, जे १५ सेकंद एका लाल ठिपक्याच्या मागे लागते. सेकंदाला २६७ मेगाबिट या वेगाने निघालेले ते मांजर १०१ सेकंदांत पृथ्वीवर, पालोमार येथील हेल दुर्बिणीत उतरले. पालोमार पुन्हा सान डिएगो जिल्ह्यातच आहे, हे आता वाचकाला नवल वाटू नये. खरी गंमत त्यानंतरची. दुर्बिणीतून ती चित्रफीत पासाडेना येथील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीकडे नेहमीच्या इंटरनेटवरून पाठवली गेली, आणि अंतराळातून आलेल्या जोडणीपेक्षा ही शेवटची जोडणी मंद निघाल्याचे प्रकल्पातील अभियंत्यानेच जाहीरपणे सांगितले. ज्याचे नेट शेवटच्या दोन डोंगरांत अडते अशा प्रत्येक गावाने ही घटना चौकटीत लावून ग्रामपंचायत कार्यालयात टांगण्याजोगी आहे. तीन कोटी किलोमीटर विनातक्रार पार पडले. रखडले ते जवळच्या जिल्ह्यात.

महाराष्ट्रातही जाळ्याच्या श्रीमंतीची उदाहरणे आहेत, आणि त्यांत एक विलक्षण विरोधाभास आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जीएमआरटीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या २५ किलोमीटरपर्यंतच्या परिसरात पसरलेल्या असून त्या साऱ्या काचतंतूंनी मध्यवर्ती इमारतीशी जोडलेल्या आहेत. दूरच्या दीर्घिकांचे क्षीण संदेश टिपणाऱ्या या यंत्राला सर्वांत मोठी भीती जवळच्या मोबाइलची असते, म्हणून दुर्बिणीच्या आवारात मोबाइल बंद ठेवायला सांगितले जाते. एका तालुक्यात टॉवर यावा म्हणून अर्ज जातात आणि दुसऱ्यात त्याच्या लहरी येऊ नयेत म्हणून. सह्याद्री या दोन्ही अर्जांकडे सारख्याच अलिप्ततेने पाहत उभा आहे.

जाळे कितीही श्रीमंत झाले तरी एका प्रतिस्पर्ध्याला ते अद्याप पुरते हरवू शकलेले नाही, आणि तो प्रतिस्पर्धी म्हणजे वाहन. कृष्णविवराची पहिली प्रतिमा, जी १० एप्रिल २०१९ रोजी जगापुढे आली, तिच्यासाठी एप्रिल २०१७ मध्ये जगभरच्या दुर्बिणींनी गोळा केलेली माहिती इतकी अवाढव्य होती की ती जाळ्यावरून पाठवण्याऐवजी हार्ड डिस्कांत भरून विमानाने नेण्यात आली. दक्षिण ध्रुवावरील डिस्कांना तर तेथील हिवाळा संपून विमान उतरेपर्यंत कित्येक महिने थांबावे लागले. हाच हिशेब पोलादपूर बसस्थानकावर मांडून पाहावा. २० टेराबाइटची एक डिस्क, जी शबनम पिशवीत सहज मावते, तिच्यात १,६०,००० गिगाबिट असतात. ती घेऊन एखादा प्रवासी एसटीने निघाला आणि सहा तासांत मुंबईला उतरला, तर त्या पिशवीचा वेग सेकंदाला ७.४ गिगाबिट भरतो. न दाबलेल्या ४के चित्राला लागणाऱ्या सहा गिगाबिटांहून तो अधिक आहे, तिकिटाच्या दरात आहे, आणि ज्येष्ठ नागरिकाच्या हाती पिशवी दिल्यास त्यात सवलतही आहे. या पद्धतीत उणीव एकच. मुंबई-गोवा महामार्गाचे पळस्पे ते इंदापूर या टप्प्यातील चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतर त्या रस्त्याने प्रवाशांच्या सहनशक्तीची जी चाचणी चालवली ती सर्वश्रुत आहे; सहाचे नऊ तास झाले की पिशवीचा वेग ४.९ गिगाबिटांवर येतो आणि एसटी थेट प्रक्षेपणाच्या शर्यतीत मागे पडते. एकामागून एक निघालेल्या माहितीच्या पुडक्यांना पोहोचण्यास कमी-अधिक वेळ लागू लागला की पाहणाऱ्याचे चित्र अडखळते, आणि जाळ्याचे अभियंते या अनियमिततेला फार भितात. त्यांनी वडखळ नाक्यावर गौरी-गणपतीच्या आधीचा एक शुक्रवार घालवावा, म्हणजे त्यांची भीड चेपेल.

येथवरचा विचार वजनाचा झाला. मोलाचा अद्याप झालेला नाही. क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने १९४८ मध्ये माहितीचा जो सिद्धान्त मांडला, त्यानुसार संदेशाचे मोजमाप तो किती लांब आहे यावर नसून त्याने ऐकणाऱ्याची किती अनिश्चितता दूर केली यावर ठरते. दोन सारख्याच शक्यतांपैकी कोणती खरी, हे कळले म्हणजे एक बिट माहिती मिळाली. या व्याख्येचे महाराष्ट्राला सुपरिचित असलेले उदाहरण शॅननच्या जन्माआधी जवळजवळ अडीच शतकांचे आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगड, म्हणजे तोच कोंढाणा, हाती आल्यावर तानाजींच्या मावळ्यांनी गडावरील पागेला आग लावली आणि तो उजेड राजगडावरून शिवाजी महाराजांनी पाहिला, असे कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आहे. दोन गडांतील हवाई अंतर सुमारे १५ किलोमीटर. प्रकाशाला ते कापायला सेकंदाचा वीस हजारावा भाग पुरतो, आणि काचेतून जाताना प्रकाश मंदावत असल्यामुळे आजचा काचतंतू त्या आगीच्या मागेच राहिला असता. चित्रबिंदू एक, चौकट एक, बिट एक: गड आला. अतिस्पष्टतेच्या कोणत्याही निकषावर हे प्रक्षेपण नापास ठरेल, पण त्याला ना बफरिंग लागले ना रिचार्ज.

त्या एका बिटात जे मावले नाही ते मात्र उमरठचे होते. गड आला आणि गड घेणारा गेला, या दोन गोष्टी सांगायला दोन बिट लागतात. आगीने पहिला पोहोचवला, दुसरा घेऊन जासूद दुसऱ्या दिवशी आला, असे बखर सांगते, आणि तानाजींचा देह मढे घाटाने उमरठकडे नेला अशी परंपरा आहे. जाळ्याची क्षमता कमी पडल्याने काय राहून जाते, याचे विवेचन करणाऱ्या ग्रंथांत सहसा अस्पष्ट चेहऱ्यांची आणि तुटक आवाजाची उदाहरणे देतात. पोलादपूरकरांना त्याहून जवळचे उदाहरण उपलब्ध आहे.

आणि याच तालुक्याला ते पुन्हा एकदा मिळाले. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या, महाडमध्ये सावित्री नदीचा पूर आला, संपर्क तुटला आणि डोंगरात काय घडले हे बाहेर कळायला मौल्यवान वेळ गेला. ज्या महाबळेश्वरात सावित्री उगम पावते तेथे त्या वेळी २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पाऊस मोजण्याच्या एका प्रचलित यंत्रात एक चिमुकली बादली असते, जी ठरावीक पाणी साचले की उलटते आणि प्रत्येक उलटण्याची खूण विजेच्या स्पंदाने नोंदवली जाते. दर अर्ध्या मिलिमीटरला ती उलटते असे धरल्यास त्या भयंकर दिवसाचा सारा पाऊस १,२०० हून कमी स्पंदांत सांगून होतो. एका स्पंदाला एक बिट दिला, तर ही माहिती ४के चित्राच्या एकाच चौकटीतील पन्नास बिंदूंना रंग देण्याइतकी होते. समुद्रतळाच्या धुराड्याला दीड गिगाबिट मिळाले याचे वैषम्य वाटण्याचे कारण नाही. डोंगरउतारावरच्या गावाला त्या धुराड्याचे वैभव नकोच आहे. त्याला बाराशे बिट हवे आहेत, पण ते भर पावसात, वीज गेलेली असताना आणि टॉवरची बॅटरी उतरलेली असताना जायला हवेत. अभियांत्रिकीत या मागणीला कोणी विक्रम म्हणत नाही, त्यामुळे तिच्यासाठी मेळावेही भरत नाहीत.

प्रेक्षकांचा कलही पाहण्याजोगा आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चंद्रयान-३ चा विक्रम हा उतरक चंद्रावर टेकला, तेव्हा इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर ऐंशी लाखांहून अधिक लोक एकाच वेळी डोळे लावून बसले होते. शाळाशाळांतून मुलांना दाखवले गेले तेही हेच. त्या ऐतिहासिक क्षणी पडद्यावर चंद्राचे जिवंत दृश्य नव्हते. होते ते संगणकाने काढलेले चलच्चित्र, नियंत्रणकक्षातील मंडळींच्या पाठी, आणि उंची व वेग दाखवणारा एक आलेख, ज्यावरून एक खूण हळूहळू खाली येत होती. कोट्यवधींनी श्वास रोखून पाहिले ते त्या खुणेकडे. तिला दाखवायला चित्रगुणवत्तेची सर्वांत खालची पायरीही पुरेशी झाली असती, आणि अनेकांच्या मोबाइलवर ती त्याच पायरीवर दिसत होती. तरी कोणाचे समाधान उणे राहिले नाही, कारण राजगडावरून आग पाहणाऱ्या महाराजांप्रमाणे प्रत्येकाला एकच बिट हवा होता.

मग अतिस्पष्ट चित्राची सामान्य माणसाला गरजच नाही, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा होईल, आणि त्याचे खंडन उमरठमध्येच होते. माघ वद्य नवमीला तानाजींच्या पुण्यतिथीनिमित्त गावात मोठी गर्दी लोटते. त्या दिवशी समाधीपाशी उभ्या असलेल्या प्रत्येक हातात मोबाइल असतो आणि पुष्कळ मोबाइल ‘लाइव्ह’ असतात, परंतु टॉवरची क्षमता ही सर्वांत वाटून घेण्याची वस्तू असल्यामुळे आणि तिची रचना मुळात पाहणाऱ्यांसाठी मोठा व दाखवणाऱ्यांसाठी लहान वाटा ठेवणारी असल्यामुळे, सर्वांनी दाखवायला घेतले की कोणाचेच दिसत नाही. अशा वेळी ध्वनी वाचावा म्हणून यंत्रणा चित्राचा बळी देते. मुंबईतील घरात ढोल-ताशे स्वच्छ ऐकू येतात आणि पडद्यावर एक भगवा चौकोन स्थिर राहतो, ‘दिसतंय का?’ असे गावाकडून ओरडून विचारले जाते आणि ‘गर्दी लय हाय वाटतं’ असे उत्तर जाते, जे तर्काने काढलेले असूनही अचूक असते.

मूळ चित्रीकरण, पूर्ण ४के, न अडखळलेले, मोबाइलच्या पोटात तसेच राहते आणि एक-दोन दिवसांनी मोबाइलच्या मालकासह एसटीने मुंबईला पोहोचते. तेथे दहा-बारा माणसे एका सहा इंची पडद्याभोवती जमतात आणि भाषणांकडे, मिरवणुकीकडे किंवा पाहुण्यांकडे यत्किंचितही लक्ष न देता एकच प्रश्न विचारतात: यात आपले काका कोठे आहेत? चित्र थांबवले जाते, दोन बोटांनी ताणून मोठे केले जाते, आणि ८२,९४,४०० बिंदूंपैकी डावीकडच्या झाडाखाली उभ्या असलेल्या सुमारे बाराशे बिंदूंवर चर्चा सुरू होते. टोपी काकांचीच असल्याबद्दल मतैक्य होते. चेहरा शेजारच्या वाडीतल्या दादांसारखा आहे असे एक पक्ष म्हणतो. आत्या चष्मा पुसून पुन्हा पाहते आणि काकांनी त्या दिवशी टोपी घातलीच नव्हती, त्यांना सर्दी होती म्हणून ते मफलर गुंडाळून गेले होते, अशी नवी माहिती पुढे आणते, त्यामुळे चित्र आणखी ताणावे लागते, बिंदू सुटे सुटे दिसू लागतात आणि कोणी तरी म्हणते की पुढच्या वर्षी ८केचा मोबाइल घेतला पाहिजे.